हिराआयची खोली

आमची घरमालकीण आमच्या खोलीत वारली.
तिच्याच चाळीतल्या, आम्ही भाड्यानं घेतलेल्या खोलीत.

आज हिराआयची पुण्यतिथी.

भिवंडीजवळ शेलार गावात तिची पत्र्याची चाळ होती. नवरा गेला, शेत गोडाऊनवाल्यांना विकलं गेलं, त्या पैशात मुलाचा रोडटच, रस्त्याला लागून बंगला झाला. हिराआय मात्र चाळीतच राहिली, शेवटच्या खोलीत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी शाळेत. बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला.

मुलगा, म्हणजे आमचा सगळ्यांचा दादा, भाडं वाढवतो म्हणाला की हिराआय अडवायची.
"पोराबाळांची मानसा हायत. कुठं जातील?"

मग बाहेरगावची लूमवाली माणसं यायला लागली. एका खोलीत दहा-बारा जण, शिफ्टप्रमाणे आळीपाळीनं झोपायचे. भाडं माणशी.
त्यांच्यापुढे एक कुटुंब किती देणार?
शेजारची घरं एकेक करून रिकामी झाली.

शेवटी दादा हिराआयलाच म्हणाला, "आये, बंगल्यावर चल. एवढा मोठा घर हाय."
ती गेली. महिन्याभरात परत आली. का, ते कधी बोलली नाही.

तिच्या खोलीच्या दारात दोरीवर परक्यांचे बनियन वाळत होते. आतून एक कामगार बाहेर आला.
"अम्मा, किसको देख रही हो?"
"मेरा घर हाय."
त्याला वाटलं, भाडं मागायला आली.
"पगार होने दो अम्मा, सेठ को दे देंगे."

हिराआय आमच्या दाराशी आली. आईला म्हणाली, "सुमन, मना ठेवशील?"
आईनं काही न विचारता चटई टाकली.

वर्षभर आमच्यात राहिली. नको म्हटलं तरी भांडी घासायची. झोपायची ती भिंतीला चिकटून, अंग चोरून.

मग आमचंही भाडं वाढलं. बाबा बोलायला गेले तर दादा शांतपणे म्हणाला, "भाऊ, परवडत नसेल तर दुसरीकडे बघा. सगळीकडे हाच रेट आहे."
खोटं बोलत नव्हता. रेट तोच होता.

हिराआय स्वतः बंगल्यावर जाऊन आली. आईनं विचारलं तर एवढंच म्हणाली, "चाळीच्या कागदावर अंगठा मीच दिलेला हाय."

बाबा सुट्टीच्या दिवशी खोल्या बघत फिरायचे, डिपॉझिट ऐकून परत यायचे. परवडणारी एकच मिळाली, पार वज्रेश्वरीच्या बाजूला. तिथून रात्रपाळीला यायला बस नाही.

"मना नेशील?" हिराआयनं विचारलं.
"नेईन ना, आय."

आम्ही सामान बांधत होतो त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी मी चहा घेऊन उठवायला गेले. उठली नाही.

दादा धावत आला. रडला. खूप रडला. मग माणसं बोलावून तिला बंगल्यावर नेलं. अंत्ययात्रा तिथून निघाली. हार, भजनी मंडळ, सगळं झालं.

तेराव्यानंतर आम्ही खोली सोडली. त्याच संध्याकाळी नवी माणसं राहायला आली.

बाबा पुढे कारखान्यातच झोपायचे, सुट्टीला घरी यायचे. असेच थकत गेले.

आई अजून म्हणते, "आय आपल्याजवळ, आपल्या माणसांत गेली, बरं झालं."
मला नाही तसं वाटत. तिला तिच्या खोलीत राहायचं होतं. तेवढंही तिला कुणी देऊ शकलं नाही.
आम्हीसुद्धा नाही.

हिराआय, तुला हात जोडते.