सकाळी पंप, दिवसा दवाखाना

पुसेगावच्या एका खाजगी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा औषधाच्या खिडकीमागे रज्जाकभाई बसलेले होते. मी नवी, पार गोंधळलेली. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसा सिस्टर. पेशंट गडबडीत असतो, आपण न्हाई व्हायचं." आज त्यांनी साठी गाठली. त्या पहिल्या दिवसापासून मी त्यांना मोठ्या भावाच्या जागी मानत आले आहे.

रज्जाकभाई दवाखान्यात कंपाउंडर, आणि साखरा या त्यांच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत फवारणी पंपांचे कारागीर. सोयाबीनवर अळी पडली की शेतकरी बंद पडलेला पंप घेऊन त्यांच्या दारात उभा. पहाटेची नमाज झाली की भाई पंप खोलायला बसत, मग मोटारसायकलवर दवाखाना, संध्याकाळी परत पंप. फवारणी लांबली तर पीक हातचं जातं, म्हणून कुणालाही 'उद्या या' म्हणणं त्यांच्या जिवावर येई. पुढे ते नवे बॅटरी पंपही जोडून विकू लागले. धंदा वाढला, झोप मात्र घटत गेली.

अशाच एका हंगामात दवाखाना भरलेला होता. एका लहान मुलीला खोकल्याचं औषध द्यायचं होतं. भाईंनी बाटली भरली, आईला द्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "सिस्टर, हिला औषध तुमी भरून द्या," एवढंच म्हणाले आणि ती बाटली घेऊन सरळ डॉक्टरसाहेबांपुढे जाऊन उभे राहिले. बाटलीत अंगाला लावायचं औषध भरलं गेलं होतं. बाटली गुपचूप ओतून टाकली असती तर कुणालाच कळलं नसतं, शेजारी उभ्या असलेल्या मलाही नाही.

"साहेब, मी झोपेत काम करून राहिलो," भाई म्हणाले. "मला कामावर ठेवायचं का न्हाई, तुमी ठरवा."

डॉक्टरसाहेबांनी ती बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाले, "आधी घरी जाऊन झोपा. उद्या या."

पंपांचं काम बंद करायचं ठरवूनच भाई घरी गेले. त्यांच्या पत्नी रुक्सानाभाभींनी ते होऊ दिलं नाही. पुढचं बोलणं मला भाभींनीच हसत हसत सांगितलं.

"दिवसा दुकानात मी बसते," त्या म्हणाल्या.

"तुला पंप खोलता येतो?"

"शिलाई मशीन खोलता येते ना? मग हे काहून न्हाई येणार?"

भाईंनी रोज सकाळी त्यांना शिकवलं. सुरुवातीला बाईच्या हाती पंप द्यायला लोक कचरत, भाई कधी येतील ते विचारत. भाभी सांगत, "ते दवाखान्यात हायेत. थांबायचं असलं तर थांबा, न्हाईतर इकडं द्या." घाईतल्यांनी दिले, पंप चालले, आणि हळूहळू भाईंची चौकशी बंद झाली. आज तिथे गावातल्या आणखी काही बायका काम करतात. संध्याकाळच्या नमाजेनंतर पंपाला हात लावायचा नाही, हा भाईंचा नेम झाला. 'उद्या या' म्हणायलाही ते शिकले.

नोकरी सांभाळून शेवयांचं मशीन घ्यावं असं माझ्या मनात आलं, तेव्हा त्यांनी किंमत विचारलीच नाही. म्हणाले, "ताई, तुमी झोपता किती? अन् घरात हात लावायला कोण हाय? एकटीनं ओढाल तर दोन्ही कामांना तकलीफ होईल." सुट्टीच्या दिवशी भाभींना घेऊन ते स्वतः मशीन बसवायला आले. माझे यजमान चहा देऊन बाहेर निघाले होते. भाईंनी त्यांना हाक मारली. "दाजी, तुमीबी बसा. ताई ड्युटीवर असताना मशीन अडलं तर?" दाजी बसले. आमच्या घरच्या शेवया आज त्यांच्याच हातच्या असतात.

आता भाईंची दवाखान्यातली नोकरी संपली. भाई दिवसभर दुकानात असतात. गिऱ्हाईक मात्र भाभींनाच विचारतं, आणि भाईंना त्याचं केवढं कौतुक!

रज्जाकभाई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो. भाभींच्या शेजारी निवांत बसायला तुमच्याजवळ पुष्कळ वेळ असो, आणि त्यातला थोडा मागायला आम्ही न कळवता येत राहू.