ताईला लाभलेला हिरा

हिरा माणसाला लाभावा लागतो, असं आमच्या आईचं म्हणणं. सोनं कुणालाही चालतं, मोती कुणाचंही ऐकतो, हिऱ्याचं तसं नाही. तो घर वर काढतो, नाहीतर मुळासकट उपटतो. म्हणून हिरा सुटा घ्यायचा, पांढऱ्या रेशमात बांधून तीन रात्री उशाखाली ठेवायचा, आणि स्वप्नं चांगली पडली तरच अंगठीत बसवायचा. वाईट पडली तर सराफाला परत. सराफही कुरकुर न करता घेतात. पटला तर ठेवा, नाहीतर आणून द्या, अशा बोलीवर दिलेल्या मालाला पेढीवर जांगड म्हणतात. भाईंदर वेस्टच्या आमच्या जुन्या सराफाने आईला असा हिरा हसत दिला असता. पण आईला त्याची पायरी चढायची नव्हती. ताईच्या लग्नाचे दागिने त्यानेच घडवले होते, आणि 'ताई कशा आहेत?' हे विचारल्याशिवाय तो राहिला नसता.

ताई कशी होती, तर आमच्या इंद्रलोकमधल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत होती. डोंबिवलीच्या सासरहून येऊन तिला दोन वर्षं झाली होती. मारहाण वगैरे काही नव्हती, त्यामुळे ती का आली हे कुणाला पटकन सांगता यायचं नाही. सासू साखरेचा डबा कुलपात ठेवायची आणि चहाच्या वेळी मोजून काढून द्यायची. नवरा रागावला की बोलायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभा राहायचा, ताई माफी मागेपर्यंत. कशाची माफी, हे तिने स्वतःच शोधून काढायचं असे. कधी त्यात अर्धा दिवस जायचा. हे ऐकून आमची मावशी म्हणाली होती, "उभाच राहायचा ना? मग?"

ताईने मला एकदाच, कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं, "मी परत गेले ना, तर मी उरणार नाही गं." एवढंच बोलली आणि जुडी संपवून उठली. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "आणि इथे राहून काय उरणारे? मी आज आहे, उद्या नाही. तू काय जन्मभर तिला घेऊन बसणार?" बाबा गेल्यापासून आईला घरातल्या प्रत्येकाची सोय लावून मगच मरायचं होतं. तिचं ताईवर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. फार होतं, आणि म्हणूनच ती ऐकेना.

आईने ताईची पत्रिका एका ज्योतिषांना दाखवली. ते म्हणाले, शुक्र निर्बळ आहे, हिरा घाला, नवरा स्वतः न्यायला येईल. हिरा निर्दोष हवा आणि बोटाला टेकला पाहिजे. शुक्रवारी सकाळी घालायचा. सराफ बाद झालेला. मग आईला आठवलं की माझ्याकडे कॉम्प्युटर आहे.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. हिरे इंटरनेटवर मिळतात हे मला ऑफिसातल्या एकीमुळे कळलं होतं. साइट उघडली की हिऱ्यांची रांगच्या रांग लागायची. सगळे एकसारखे, प्रत्येकाखाली नंबर, रंगाचं अक्षर, पैलूंची माहिती. माझ्या लक्षात आलं की हिरा सापडत नाही तोवर ताई घरात आहे. मग मी सापडू देईना. ऑफिसातून आले की बसायचे. याचा रंग पिवळट आहे, त्यात ठिपका आहे, ह्याची कड बरोबर नाही. ताई माझ्या मागे स्टुलावर येऊन बसायची. तिला ते बघायला आवडायचं, हे मला तेव्हा विचित्र वाटायचं. लाइट गेली की आम्ही दोघी अंधारात तशाच बसून राहायचो, आणि आई बाहेरून ओरडायची, "मिळाला का गं?"

"नाही गं आई, बघतेय."

"मुलगा बघताना एवढं बघितलं असतं तर," असं एकदा ताई पुटपुटली. तिच्या तोंडून त्या वर्षात मी ऐकलेला तो एकमेव विनोद.

शेवटी आईच चष्मा लावून बसली. रंग, पैलू, काही बघितलं नाही. सर्टिफिकेटच्या नंबरांतले आकडे बोटांवर मिळवत गेली आणि ज्याची बेरीज सहा आली तिथे तिचं बोट थांबलं. सहा म्हणजे शुक्र. "हाच," म्हणाली. माझ्याकडे काढायला खोट उरली नाही.

कुरिअर आलं तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी येऊन बघते तर देवासमोर वाटीत कच्चं दूध आणि दुधात हिरा. शेजारी एक पातळ प्लॅस्टिकचं कार्ड आडवं कापून ठेवलेलं. हिरा त्या कार्डात सीलबंद आला होता, मधल्या गोल खिडकीत. आईने ते नखं कापायच्या कात्रीने उघडलं होतं. कार्डावर लाल अक्षरांत लिहिलं होतं की सील तोडलं तर माल परत घेतला जाणार नाही.

"आई, हे वाचलं नाहीस?"

"वाचलं की. पण प्लॅस्टिकवरून दूध लागतं का त्याला? आणि उशाखाली काय कार्ड ठेवायचं?"

"अगं, पण आता परत नाही घेणार ते!"

"न घ्यायला काय झालं? वाईट स्वप्न पडलं तर कुठला सराफ परत घेत नाही? असलं लिहिलेलं असतं ते चोरांसाठी."

मी साइटच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलला. "मॅडम, सील ब्रेक झालं असेल तर रिटर्न नाही होणार." मी चिडून विचारलं, "स्वप्नं वाईट पडली तरी?" त्याने काहीतरी टाइप करून बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, तशी काही पॉलिसी नाहीये." आईने माझ्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखलं. वाटीतून हिरा काढून तिने पुसला आणि रेशमात बांधला. त्या हिऱ्यासाठी तिने तिच्या पाटल्या मोडल्या होत्या. आता स्वप्नं वाईट पडून चालणार नव्हतं.

पहिल्या सकाळी आई ताईच्या उशाशी चहा घेऊन हजर. "काय पडलं?"

"झोपच लागली नाही."

"म्हणजे वाईट नाही पडलं. छान."

दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी ताई उठली ती भिंतीला टेकून बसली. डोळे सुजलेले. आईने विचारायच्या आधीच बोलली. "मी तिकडच्या स्वयंपाकघरात होते. चहा उकळून उकळून आटत चाललेला. साखरेचा डबा सापडत नव्हता. सगळे डबे उघडत होते, सगळे रिकामे. आणि हे दारात उभे होते."

आईने दोन्ही हात जोडले. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "दारात उभा होता! अगं, न्यायला आलाय तो. भरल्या घरात चहा उकळतोय, दारात नवरा उभा, आणखी काय पाहिजे?"

"आई," मी म्हटलं, "अगं तिला विचार ना ते कसलं स्वप्न होतं. तिचा चेहरा बघ."

"तू गप्प बस. तुला यातलं काय कळतंय?"

मला वाटलं ताई आता ओरडेल, हिरा खिडकीतून भिरकावून देईल. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने आईच्या मोकळ्या मनगटांकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, चांगलंच असेल." मला दोघींचाही राग आला, आणि स्वतःची कीव. त्या दिवशी मी डबा न घेताच ऑफिसला गेले.

अंगठी मीरा रोडला, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, अशा दुकानात घडवली. शुक्रवारी ताईने ती मधल्या बोटात घातली. शनिवारी आईने लग्नातल्या मध्यस्थांना फोन केला, तो करायचं ज्योतिषांनी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी ताईचा नवरा आला. पोहे खाल्ले, म्हणाला, माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, घरात बाई हवी. लपवाछपवी काही नाही. ताई पाणी द्यायला आली तेव्हा त्याने तिच्याकडे बघायच्या आधी अंगठीकडे बघितलं. "खरा आहे?" त्याने विचारलं. दोन वर्षांनी तिच्याशी बोललेला पहिला शब्द. आईने अभिमानाने आत जाऊन सर्टिफिकेट आणलं.

खाली रिक्षा आली. शेजारच्या भाभी जिन्यात उभ्या होत्या, "चलो, अच्छा हुआ," म्हणाल्या. ताईने माझा हात धरला नाही, मागे वळूनही बघितलं नाही. मी वर येऊन स्टूल उचललं आणि माळ्यावर टाकलं.

त्यानंतर आई प्रत्येक फोनवर एकच विचारायची, "अंगठी बोटात आहे ना?" ताई म्हणायची, "आहे." आई फोन ठेवून येईल-जाईल त्याला सांगायची, हिरा लाभला हो पोरीला.

दिवाळीत ताई दोन दिवस आली. इतकी वाळली होती की मी दार उघडलं आणि क्षणभर बाजूला व्हायचंच विसरले. हळू बोलायची, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी दाराकडे बघायची. आमच्या घरात तिने चहात साखर घालायच्या आधी आईला विचारलं, "घेऊ का?" आई तिच्याकडे बघत होती ती एकदम तिच्या हाताकडे बघायला लागली. मधल्या बोटावर नुसताच पांढुरका वळ होता.

"अंगठी कुठेय?"

"सासूबाईंच्या बोटात. पहिल्याच आठवड्यात घेतली. त्यांचा गुडघा बरा झाला ना, म्हणतात त्यांना लाभला."

आई खाली बसली. मला वाटलं, आता तरी. आता तरी ती म्हणेल, राहू दे, जाऊ नकोस. तिने पदराने डोळे टिपले आणि मान हलवली. "तरीच. हिरा बोटात नाही, म्हणून हे हाल चाललेत पोरीचे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या त्या कॉम्प्युटरवर दुसरा बघ. माझं मंगळसूत्र आहे अजून."

मी ताईकडे बघितलं. ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती.

"बघ," ती म्हणाली. "पण या वेळी सील तोडू नका."

मी माळ्यावरून स्टूल काढलं, तिच्यासाठी मागे ठेवलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. पहिल्याच हिऱ्यात मला खोट दिसली.