जाताना किती, येताना किती

कचऱ्याच्या गाड्यांच्या त्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे थर्मामीटर म्हणत. तोंडावर म्हणत, कारण पाठीमागे बोललेलं तिला खपत नसे. हे नाव ठेवलं होतं रेडिओनं. रेडिओ म्हणजे एक ड्रायव्हर. गाडी बंद झाली तरी हा माणूस बंद होत नसे, म्हणून रेडिओ.

तिचं काम तपासणीचं. कचऱ्याची गाडी दर दहा पावलांवर थांबते, पुन्हा निघते, आणि त्या थांबण्या-निघण्यात गिअरबॉक्सचं तेल तापतं. ते तेल एका पाइपनं गाडीच्या पुढच्या ऑइल कूलरमध्ये जातं. कूलरच्या पातळ पत्र्यांमधून वारा फिरतो, तेल निवतं आणि दुसऱ्या पाइपनं परत येतं. गाडी फेरीवरून आली रे आली की ही बाई दोन्ही पाइपांना थर्मामीटर लावायची आणि वहीत दोन आकडे लिहायची. जाताना किती, येताना किती. दोहोंत वीसेक अंशांचा फरक असेल तर कूलर काम करतोय. फरक कमी होत गेला तर समजायचं, दुखणं आहे. बारा वर्षं तिनं हे नेमानं केलं. "काय बाई, लेकराला ताप आहे का?" असं रेडिओ रोज विचारायचा, आणि ती रोज त्याला उत्तर द्यायचं टाळायची.

मग नवे साहेब आले. त्यांना चकचकीतपणाचं वेड. गाड्या धुवायला त्यांनी जोरदार फवाऱ्याचं मशीन आणलं. गाड्या अशा उजळल्या की लोक कचरा टाकताना बिचकू लागले. आणि पुढच्या दोनच महिन्यांत तीन गिअरबॉक्स जळाले.

चौकशीच्या फॉर्मवर दोनच चौकोन छापलेले होते: 'चालकाची चूक' आणि 'सुट्या भागाचा दोष'. सुटे भाग नवे, म्हणजे उरला चालक. पहिल्या दोन ड्रायव्हरांच्या नोकऱ्या अशाच गेल्या. त्या दोन्ही फॉर्मवर खाली तिची सही होती. साहेब घाईत होते, तीही घाईत होती, आणि वहीतले मागचे आकडे काही तिनं पाहिले नव्हते. तिसरा फॉर्म आला तो रेडिओचा. सही झाली की त्याचीही नोकरी जाणार होती.

"इथे सही करा," साहेब म्हणाले.

"आज नाही. आधी वही बघते."

"वही बघून काय होणार?"

"तेच बघते."

वही घेऊन ती घरी आली. स्वयंपाकघरात सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. रेडिओचं आणि आधीच्या दोघांचं प्रकरण त्यांना सांगत तिनं टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर वही उघडली. तिन्ही गाड्यांची एकच कथा. फरक एकवीस, सतरा, बारा, आठ. आणि ही घसरण सुरू झाली ती फवाऱ्याचं मशीन आलं त्याच आठवड्यात. तिच्याच अक्षरात सगळं लिहिलेलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातलं पेन तिनं खाली ठेवलं.

"तो मेला तुला नावं ठेवतो ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग त्याच्यासाठी कशाला भांडतेस?"

"त्याच्यासाठी नाही, आई. आकड्यांसाठी."

"त्याच्यासाठीच भांड. लाजतेस कशाला? आणि आधीच्या दोघांचं काय?"

तिनं त्या दोघांच्या गाड्यांची पानं दुमडून ठेवली.

सकाळी तिनं गिअरबॉक्स जळालेल्या गाडीच्या कूलरवर बॅटरी मारली. पाण्याच्या माऱ्यानं पत्रे आडवे होऊन एकमेकांना चिकटले होते. वरून लखलखीत, पण वारा जायला केसभरही जागा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ती थेट साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "रेडिओला बोलवा. एक धुतलेली गाडी आणि एक न धुतलेली, दोन्ही तोच चालवेल. त्याचे हात वाईट आहेत ना? मग दोन्ही गाड्यांवर वाईटच असतील."

न धुतलेली गाडी एकच होती. तिच्या दाराचं रबर फाटलं होतं आणि पाणी आत शिरायचं, म्हणून ती धुलाईतून वाचलेली. बाहेरून बघवत नव्हती, पण तिचा कूलर बाई स्वतः मऊ ब्रशनं साफ करायची.

दोन्ही गाड्यांत सारखंच वजन भरलं. रस्ता तोच, चढ तोच, साहेब शेजारी. चकचकीत गाडीचा काटा अर्ध्या चढावरच लाल पट्ट्यात गेला. जाताना एकशे अठरा, येताना एकशे अकरा. मग साहेब नाकाला रुमाल लावून घाणेरड्या गाडीत चढले. ती गाडी निवांत वर गेली आणि निवांत खाली आली. जाताना ब्याण्णव, येताना एकाहत्तर. रेडिओ संपूर्ण फेरीत एक शब्द बोलला नाही. खाली उतरल्यावर तो वहीकडे बघत राहिला.

ऑफिसात साहेबांनी कोरा फॉर्म काढला. "ठीक आहे. दुसऱ्या चौकोनात खूण करा, सुट्या भागाचा दोष. रेडिओ उद्यापासून कामावर. विषय संपला."

"भागात दोष नव्हता. भाग आपण बिघडवला."

"धुलाईचं नाव कागदावर येणार नाही."

"आणि आधीचे दोघे?"

"ती प्रकरणं बंद झाली. शिवाय तिथे तुमचीच सही आहे, बाई. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

"धोंडा त्या दोघांवर पडलाय, साहेब. आमच्या पायाला काही झालेलं नाही."

तिनं साहेबांच्या टेबलावरची पट्टी उचलली, फॉर्मवर ठेवली आणि छापलेल्या दोन चौकोनांच्या खाली तिसरा आखला. त्यात खूण केली आणि शेजारी लिहिलं: 'आमची चूक. जोराच्या पाण्यानं पत्रे दबले. आकडे घसरत होते, ते मी लिहिले आणि वाचले नाहीत. आधीच्या दोन्ही फॉर्मवरची माझी सही मागे घेत आहे. ते दोन्ही चालक निर्दोष आहेत.' खाली तिनं पूर्ण नाव लिहून सही केली.

साहेब कागदाकडे बघत म्हणाले, "या फॉर्मवर असा चौकोन नाही."

"आता आहे," ती म्हणाली, आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "खाली तुमच्या सहीला जागा सोडलीय."