फुंकर मारलेले दाणे

भाजलेलं कणीस कचऱ्याच्या डब्यात टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब बघा, नेमकं त्याच्याशीच माझं लग्न झालंय.

२०१६ सालचा मार्च. इथे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मक्याचा भर सीझन. मला आठवा महिना लागला होता आणि सासूबाई खास माझ्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे तेल लावणं, शेक देणं, बाळाला न्हाऊ घालणं, सगळी भिस्त सासूबाईंवरच. त्या आल्या आणि माझ्या जिवातली धाकधूक गेली.

त्या शनिवारी नवऱ्याची बॉस, तिचा नवरा आणि त्यांची छोटी मुलगी आमच्याकडे जेवायला येणार होते. नवऱ्याने सकाळपासून डोकं उठवलं होतं. म्हणे कणसं उकडायची, बटर लावायचं, दोन्ही टोकांना छोटे काटे खोचायचे, म्हणजे हात खराब होत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अरे, उकडून काय खायचं? ही इथली कणसं आधीच गुळमट. मी भाजते की." बार्बेक्यूवर त्यांनी अशी खरपूस भाजली की शेजारीण कुंपणावरून डोकावली. मग अर्धं लिंबू तिखटमिठात बुडवून खसाखसा चोळलं. बॉसबाईंनी एक संपवून दुसरं मागून घेतलं. वर "स्वीट अ‍ॅज!" म्हणाल्या, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. झालं ना? मग गप्प बसावं की नाही माणसाने?

त्यांची पोरगी टुकुटुकु बघत होती. तिला तिखट कसं द्यायचं, म्हणून सासूबाईंनी एक कोरं कणीस घेतलं, अंगठ्याने दाणे काढले, तळहातावर चोळले, फुंकर मारून करपलेली सालं उडवली आणि दाणे तिच्या तोंडात घातले. आपल्याकडे लहान पोरांना कणीस असंच भरवतात. पोरीने पुन्हा आ केला.

तेवढ्यात आमचे साहेब धावले. "आई! हात काय लावतेस? फुंकतेस काय? इथे असलं चालत नाही!" सासूबाईंच्या तळहातावरचे दाणे काढून घेतले, कणीस घेतलं आणि सगळं डब्यात. वर बॉसबाईंची इंग्रजीत माफी. त्या बिचाऱ्या "अहो, काही नाही, राहू दे" म्हणत राहिल्या. पोरीने भोकाड पसरलं. सासूबाई पदराला हात पुसत आत गेल्या, त्या जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

पाहुण्यांची गाडी वळली आणि मी तोंड सोडलं.

"याच हातचं खाऊन एवढा घोडा झालास ना? लाज नाही वाटली?"

"तुला कळत नाही. इथल्या लोकांना कसं वाटतं ते—"

"कुठल्या लोकांना? ती पोर आ करून उभी होती! लोकांना काही वाटलं नाही. वाटलं ते तुला!"

त्यावर हा गृहस्थ भांडी घासायला गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि हा आपला काचेचे ग्लास पुसतोय.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी परतीचं तिकीट अलीकडचं करून मागितलं. नवरा दिवसभर "सॉरी आई, सॉरी" करत मागे फिरला. त्या त्याला चहा देत होत्या, जेवायला वाढत होत्या, बोलत मात्र नव्हत्या. शेवटी मीच त्यांच्या खोलीत गेले. रडले, हातापाया पडले.

"आई, त्याचा राग माझ्यावर का काढताय? मी एकटीने काय करू?"

त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. "तुझ्यावर कसला राग गं? तुला अशी सोडून जाताना जीव तुटतोय माझा. पण पोटच्या पोराला ज्या हातांची किळस येते, त्या हातांनी त्याच्या लेकराला न्हाऊ कशी घालू? रोज वाटणार, आता हा येईल आणि बाळ काढून घेईल माझ्याकडून."



त्या गेल्या. पुढच्या महिन्यात लेक झाली. तिची घरातली पहिली आंघोळ मीच घातली, टाके ओढत असताना. नवरा बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाला, "मी धरू का तिला?" मी म्हटलं, "हात लावू नकोस."