चित्रातल्या गालावरची तीट

र्युसेल्सहाइमला आमच्या वरच्या मजल्यावर एक अमेरिकन चित्रकार राहत. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी सैनिक म्हणून जर्मनीत आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. जुन्या काळच्या साध्या माणसांची चित्रं काढण्यात त्यांचा जन्म गेला: बाजाराला निघालेली बाई, खोगीर शिवणारा म्हातारा. त्यांच्या बरोबरीचे चित्रकार रंग नुसते फेकत होते तेव्हा हे कोटाची बटणं मोजत बसले. लोक हसले, पण गावोगावच्या संग्रहालयांनी त्यांना पोसलं. बायको गेल्यावर हात कापायला लागला, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता एकच चित्र, शेवटचं.

ते त्यांच्या पणजीचं होतं. जर्मनी सोडून अमेरिकेच्या जहाजात चढायला ती धक्क्यावर उभी आहे. एक मुलगी तिचा झगा धरून, एक तान्हं कडेवर. "चढताना दोन होती, उतरताना एक," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तान्हं वाटेतच गेलं होतं. झगा धरणाऱ्या मुलीसाठी त्यांनी माझ्या चार वर्षांच्या लेकीला उभं केलं. केसांचा रंग बदलला, गाल मात्र तिचेच ठेवले. दर पाच मिनिटांनी ती "फेर्टिश?", म्हणजे झालं का, विचारायची आणि ते "नाइन", नाही, म्हणायचे.

मी मोटारींचे ब्रेक तपासते. काय बिघडेल याचा आधीच घोर लावून घ्यायचा, ही माझी सवयच. पण सासूबाई काय करतील, हे मला कधीच आधी कळलेलं नाही.

त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि रोज दुपारी वर चहा घेऊन जात. चित्र पुरं झालं; दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयाची गाडी ते न्यायला येणार होती. मी सासूबाईंना बोलवायला वर गेले, तर चित्रकार तळघरात खोक्यासाठी फळ्या आणायला गेलेले, आणि चित्रातल्या मुलीच्या गालावर काजळाचा टपोरा ठिपका.

"आई, काय केलंत हे!"

"अगं, केवढी गोड उतरलीय पोर. उद्या शंभर लोक बघणार. दृष्ट नाही का लागायची?"

त्या गालावर चित्रकारांनी सकाळीच शेवटचा हात फिरवला होता. रंग ओला होता. काजळ पुसावं तर गालच पुसला जाणार, आणि त्या कापऱ्या हाताने तो पुन्हा कसा निघावा? एका माणसाचं आयुष्यभराचं काम आमच्या घरच्या काजळाने बुडवलं, असं मला अगदी वाटलं. तेवढ्यात जिन्यात त्यांची पावलं वाजली.

मी तीनदा माफी मागितली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ते चित्राजवळ वाकले.

"त्या काळी जर्मनीत हे नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणाले.

"कशासाठी लावतात?"

"पोर सुखरूप राहावं म्हणून."

ते खुर्चीत बसले. एक शब्दही न कळलेल्या सासूबाई काजळाची डबी मुठीत धरून दाराशी उभ्या होत्या. मग चित्रकारांनी बोट उचललं. ते झगा धरलेल्या मुलीवरून वर गेलं आणि कडेवरच्या तान्ह्यापाशी थांबलं.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "ह्यालाही लावा."