मधातले आठ दिवस

प्रतिक्षा नंदागवळीला मनात वाचलेलं कधी पाठ होत नसे. मोठ्यानं कुणाला तरी समजावून सांगितलं, की मगच ते डोक्यात बसायचं. आणि ऐकायला दिघोरीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात एकच माणूस तयार असायचा, तिचा मोठा भाऊ जीवन. वडील गेल्यावर त्यानं बारावी अर्ध्यात सोडली आणि लाखांदूर-दिघोरी ऑटो चालवायला घेतला. संध्याकाळी ऑटो आंगणात लावला की हातपाय धुऊन तो खाटेवर बसायचा आणि म्हणायचा, "चाल, सांग." तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, डोळे अर्धे मिटलेले, पण ऐकायचा सगळं. मधूनच विचारायचा, "पण असं काहून होते?" त्या 'काहून'चं उत्तर शोधता शोधता प्रतिक्षा बारावी झाली, डॉक्टर झाली, आणि पुढे कॅन्सरवर किरणांनी उपचार करण्याचं शिक्षण घ्यायला हैदराबादला गेली.

ती दुसऱ्या वर्षाला असताना जीवनच्या जिभेवर जखम झाली. फोनवर तो म्हणाला, "दातानं कापलं असंल." दोन महिन्यांनी ती सुट्टीवर आली, टॉर्च धरून तिनं त्याचं तोंड पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तपासायला नागपूरला नेलं. कॅन्सर निघाला.

तिथंच ऑपरेशन झालं. जिभेचा एक भाग काढला. त्यानंतर दीड महिना किरणांचे शेक घ्यायचे होते, आठवड्यातले पाच दिवस. "माझ्याकडे हैदराबादला चल," प्रतिक्षानं परोपरीनं सांगितलं. तो ऐकेना. तिथली बोली येत नाही, आणि तुझा अभ्यास बुडंल, म्हणाला. नागपुरात मावशीकडे राहिला. प्रतिक्षा रोज फोन करून विचारायची, "गेला होतास न दादा?" आणि रोज तेच उत्तर यायचं, जड जिभेनं बोललेलं, "जाऊन राहिलो न."

वर्षही झालं नव्हतं, तोच मानेत गाठ आली. आता फक्त दुखणं कमी करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोवर प्रतिक्षाची शेवटची परीक्षा जवळ आली होती. अभ्यासाची रजा मिळाली तशी ती पुस्तकांची बॅग घेऊन दिघोरीला आली. मैत्रिणी म्हणाल्या, घरी अभ्यास होणार नाही. तिनं ऐकलं नाही.

मोहफुलाचे दिवस होते. विमलाबाई, तिची माय, पहाटेच फुलं वेचायला जाई आणि ऊन चढायच्या आत परत येई. तेवढा वेळ भाऊबहीण आंगणातल्या मांडवाखाली बसत. जीवन फार वाळला होता. त्याला घोट घोट पेज तेवढी जायची. तरी पहिल्याच सकाळी त्यानं उशी पाठीशी घेतली आणि म्हणाला, "चाल, सांग."

पहिला पेपर मूलभूत विज्ञानांचा होता. पेशी कशा वाढतात, किरण त्यांना कसे मारतात, यंत्रातून किरण निघतात कसे. प्रतिक्षानं त्याला सांगितलं, की किरण एकदम न देता रोज थोडे थोडे देतात, कारण चांगल्या पेशी रात्रभरात आपली मोडतोड दुरुस्त करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तेवढं जमत नाही.

"म्हंजे आपल्या पेशी हुशार," जीवन म्हणाला.

"तसंच म्हण."

दोघंही हसले. फार दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

असे काही दिवस चांगले गेले. पण पुस्तकातलं एक प्रकरण प्रतिक्षा दरवेळी ओलांडून जात होती. उपचारात खंड पडला तर काय होतं, हे त्यात होतं. आजारी माणसासमोर ते नको, एवढंच तिच्या मनात होतं. जीवनच्या मात्र ते लक्षात आलं.

"ती पानं काहून पलटवतेस?"

"महत्त्वाची नाहीत."

"महत्त्वाची नाहीत तं पुस्तकात कायले लिहिली? सांग."

मग तिनं सांगितलं. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले, की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी चवताळल्यागत वेगानं वाढू लागतात. म्हणून मधात सुट्टी पडू द्यायची नसते. जितके दिवस जास्त लांबेल तितका गुण कमी येतो. ती डोळे पुस्तकात ठेवून बोलत होती. या वेळी जीवननं 'काहून' विचारलं नाही. 

"मंग कोनी मधात आठ दिवस गेलाच नाही तं?"

प्रतिक्षानं मान वर केली. "दादा... तू जात होतास न?"

"तोंड सप्पा सोललं होतं वं. पाणी गिळलं तरी जीव जाय. चार दिवस म्हणून घरी आलो. मायनं पाहिलं आन रडाले लागली. म्हणे, एवढ्यात जाऊ नोको, जरा बरं वाटू दे. दवाखान्यातून फोन येत होते, मी उचलले नाही."

"आणि मला रोज सांगत होतास, जाऊन राहिलो म्हणून?"

"तुहा पेपर होता न तवा."

प्रतिक्षा उठली आणि तडक गावाबाहेरच्या बोडीवर गेली. पाणी आटून तळाशी आलं होतं. काठावर बसून ती रडली. आधी त्याच्यावरच्या रागानं, मग स्वतःवरच्या. तोंड सोललं तर काय करायचं, वेदना कशा आटोक्यात आणायच्या, नळीनं कसं खाऊ घालायचं, हे सगळं तिला येत होतं. त्यानं एकदा खरं सांगितलं असतं तर ती त्याच दिवशीच्या गाडीनं आली असती.

परतली तेव्हा जीवन तसाच बसून होता.

"मायले सांगू नोको," तो म्हणाला. "तिले वाटंल, तिनंच मारलं मले."

"नाही सांगणार."

"आन मले एक सांग. गेलो असतो तं वाचलो असतो?"

पुस्तकात त्याचं उत्तर होतं, पण ते शंभर माणसांचं होतं. एवढा खंड पडला, तर शंभरातले आठ-दहा जास्त हातचे जातात. त्या आठ-दहांत आपला भाऊ होता की नव्हता, हे कुठलंच पुस्तक सांगत नव्हतं. "माहीत नाही रे दादा," ती म्हणाली, आणि तेच खरं होतं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी जीवन गेला. गावातल्या बुद्धविहारातल्या मंडळींनी अंत्यविधीचं सगळं केलं. प्रतिक्षा हैदराबादला जाऊन पेपराला बसली. मूलभूत विज्ञानांचा पेपर समोर आला, तिनं दोन प्रश्न लिहिले आणि बाकीचा वेळ खिडकीबाहेर पाहत काढला. त्या पेपरात ती नापास झाली. विमलाबाईला वाटलं, पोरगी आता पुस्तक हातात घेणार नाही. पण ती पुन्हा बसली. हॉस्टेलच्या गच्चीवर येरझारा घालत मोठ्यानं बोलायची. ऐकणारं कुणी नव्हतं. एखाद्या ठिकाणी अडली, की पुढचा प्रश्न कुणी विचारेल म्हणून क्षणभर थांबायची आणि मग स्वतःच विचारायची. दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

निकाल घेऊन दिघोरीला आली, तेव्हा धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू होता. विमलाबाई खळ्यावरून आली, डोक्याचा फडका सोडला, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. मग तिच्याजवळ बसून हळूच म्हणाली, "तुले आता समदं समजते. एक विचारू का? मी त्याले मधात घरी ठेवून घेतलं होतं. आठ दिवस. त्यानं तं झालं नसंल न?"

प्रतिक्षानं तिचा हात हातात घेतला. तुसांनी तो खरखरीत झाला होता.

"नाही माय. त्यानं काही फरक पडत नाही."

"पुस्तकात तसंच हाये?"

"तसंच आहे."

विमलाबाईनं मान हलवली आणि चूल पेटवायला उठली. पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या वेळी तिनं तेच पुन्हा विचारलं. त्यानंतर प्रतिक्षा जेव्हा जेव्हा घरी गेली, तेव्हा तेव्हा कधी ना कधी तो प्रश्न आला, आणि प्रतिक्षानं दरवेळी तेच उत्तर दिलं.