माझ्या पगाराचा मेसेज

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पगाराच्या दिवशी दर महिन्याला एक तमाशा व्हायचा. पुरुष मास्तर खिशातून फोन काढून बघायचे आणि झाला बुवा म्हणत चहा सांगायचे. आम्ही बाया फोन काढून नवऱ्याला लावायचो. अहो, पगार आला का? राबायचं आम्ही आणि विचारायचं त्यांना! सगळ्या पदवीधर, त्यात मी गणिताची. कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

मी अकोल्यात बावीस वर्षं आठवीला चक्रवाढ व्याज शिकवते. फळ्यावर हजाराचे लाख करून दाखवायचे आणि बाजारात सांबाराच्या, म्हणजे पुणेकरांच्या कोथिंबिरीच्या, जुडीवरून पाच रुपयांसाठी भांडायचं, एवढीच माझी बचत. बाकी सगळं आमच्या घरचे अर्थमंत्री बघायचे. म्हणजे माझे यजमान. त्यांची नोकरी अमरावतीला, रोजचं अपडाउन. गाडीत चारपाच जणांची बैठक जमते आणि बडनेरा येईपर्यंत शेअर बाजाराचं भविष्य ठरून जातं. कोणता शेअर घ्यायचा ते त्या बैठकीत ठरतं. पडला तर त्याला तोटा म्हणायचं नाही. 'होल्ड करून राहिलो' म्हणायचं.

अमरावतीच्या पुढे नांदगाव पेठेजवळ आमचा एक प्लॉटही आहे. एमआयडीसी वाढली की त्याचं सोनं होणार होतं. एमआयडीसी वाढली, पण भलत्याच अंगाला. आता तिथे बाभळी आहेत, आणि कुणाच्या तरी बकऱ्या चरून चांगल्या गुबगुबीत झाल्या आहेत. ही सगळी गुंतवणूक माझ्या पगारातून झालेली, हे सांगायचं राहिलंच. त्यांच्या पगारात घर चालायचं ना! माझा पगार 'जास्तीचा' होता.

मागच्या वर्षी एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळानं एका मुलीचं व्याख्यान ठेवलं. आमच्याच वस्तीतली पोरगी, पुण्याला बँकेत आहे. ती म्हणाली, पगार झाला की आधी बाजूला काढा, उरेल ते खर्च करा, आपण नेमकं उलटं करतो. मागून एका बाईनं विचारलं की उरतेच काय पण, आणि सगळ्या हसल्या. मग तिनं दर महिन्याला थोड्या थोड्या पैशांची एसआयपी वीस वर्षं चालली तर काय होतं, ते कागदावर मांडून दाखवलं. मी बघतच राहिले. अगं बाई, हे तर माझंच आठवीचं गणित! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवलं आणि स्वतः एकदाही सोडवलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

दोन हजारांपासून सुरुवात करायचं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी, ती पुण्याला परत जायच्या आधी, मधल्या सुट्टीत त्या पोरीला शाळेत बोलावून घेतलं. तिनं माझ्या फोनमध्ये अॅप टाकून दिलं, खातं जोडलं. म्हणाली, मॅडम, आता बँकेचा ओटीपी आला असेल, तो टाका. मी फोनकडे बघत बसले. ओटीपी काही येईना. आला तो यजमानांचा फोन, अमरावतीहून.

"तुया खात्याचा ओटीपी आला. काय करून राहिली तू?"

मी सांगितलं. त्यावर त्यांनी बाजार सध्या किती वर आहे, अशा वेळी नवख्या माणसानं कसं शिरू नये, हे सगळं समजावलं आणि संध्याकाळी बोलू म्हणाले. ओटीपी तोवर मेला होता. संध्याकाळी त्यांनी चार्ट दाखवले. आठवडाभर रोज नवं कारण निघत होतं. शेवटी म्हणाले, तुले काय करायचं आहे त्यात, मी आहो ना. मी आहो ना! बकऱ्यासुद्धा हसल्या असत्या.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. सोबत आधार, पासबुक, पॅन, वर लग्नाचा दाखलासुद्धा. काउंटरवरच्या बाईनं एक फॉर्म दिला, मी नवा नंबर लिहिला, सही केली. दहा मिनिटांत काम झालं. नवऱ्याची सही लागत नाही का, असं मीच विचारलं. ती म्हणाली, खातं तुमच्या एकटीचं आहे मॅडम, त्यांची कशाला? खरं सांगायचं तर त्यांचा नंबर त्यांनी नव्हता टाकला. नोकरी लागली तेव्हा घरात एकच मोबाइल होता, त्यांच्या कमरेच्या पाउचमधला, आणि तो नंबर मीच माझ्या हातानं लिहून दिला होता. पुढे माझा फोन आला, पण बदलायचं मला सुचलं नाही. कुलूपही माझं आणि किल्लीही मीच देऊन बसलेली.

दोन दिवसांत नंबर बदलला. यजमानांना तसा मेसेज गेला. ते चार दिवस नुसते गाल फुगवून जेवले. मी तेवढ्यात एसआयपी सुरू केली.

पुढच्या पगाराला स्टाफरूममध्ये माझाच फोन वाजला. माझा आकडा, माझ्या हातात, पहिल्यांदा. मी तो तीनदा वाचला आणि मला रडू आलं. आनंदाचं नाही, संतापाचं.

संध्याकाळी ते आले, चहा झाला. बराच वेळ चुळबुळ करून त्यांनी मला पगार झाला का, असं विचारलं. झाला म्हटलं. मग म्हणाले, "पंधरा हजार टाक माया खात्यात."

"काहून?"

'का' हा प्रश्न त्या घरात मी पहिल्यांदा विचारत होते. ऐकला मात्र खूपदा होता. माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दहा हजार मागितले, तेव्हाही. दहा काहून लागते, असं विचारून वर म्हणाले होते, पाहू पुढच्या महिन्यात. आईनं पुढचे दोन महिने गॅसजवळ चाचपडत काढले होते, आणि मी गप्प बसले होते.

त्यांनी समजावलं. एक शेअर पडला आहे, आणखी घेतले की सरासरी खाली येते, म्हणजे लॉस कमी दिसतो. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पाहू पुढच्या महिन्यात," मी म्हटलं.

वाक्य त्यांनी लगेच ओळखलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली. मला वाटलं होतं, असं बोलल्यावर मला वाईट वाटेल. अजिबात वाटलं नाही.